पहाट कुणी घालवली?

भाचेमंडळींची फर्माईश आहे की मावशीने सवाईतल्या आवडत्या मैफलींवर ब्लॉगवर लिहावं. "टॉप टेन" करून द्या म्हणे. शाळेत गुणानुक्रमे यादी लावायचं काम छत्तीस वर्षं केलं, आता गाण्याला नंबर द्यायचे नाहीत असं ठरवलं आहे. पण आठवायला बसले, वहीत नावं लिहिली, आणि मग एक गोष्ट लक्षात आली. यादीतली जवळजवळ सगळी गाणी मध्यरात्र उलटल्यानंतरची किंवा पहाटेची निघाली. संध्याकाळचं एखाद-दुसरंच. तेव्हा आज आठवणीही सांगणार आहे आणि थोडी भांडणारही आहे. ज्यांना नुसत्या आठवणी हव्या असतील त्यांनी मधला भाग गाळून वाचावा, माझी हरकत नाही.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (अमेरिकेतली आमची पुढची पिढी!) थोडक्यात. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. ते १९५२ साली गेले. पुढच्या वर्षीपासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुण्यात गुरूंच्या नावाने हा उत्सव सुरू केला. २०११ मध्ये अण्णा गेले आणि तेव्हापासून त्याला 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' म्हणतात. आधी रेणुका स्वरूपचं मैदान, मग पुष्कळ वर्षं रमणबाग, आणि २०१८ पासून मुकुंदनगर. पण जागा बदलल्याचं मला काही वाटत नाही. माझं भांडण घड्याळाशी आहे.

पूर्वी सवाई रात्रभर चालायचा. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण आजच्या पंचविशीतल्या मुलांना त्याचा अर्थ कळत नाही हे मी अनुभवलं आहे. रात्रभर म्हणजे "उशिरापर्यंत" नव्हे. संध्याकाळी सतरंजी घेऊन जायचं, शाल, कानटोपी, थर्मास, पोळी-भाजीचा डबा, आणि सकाळी ऊन अंगावर आल्यावर घरी यायचं. सत्तरच्या दशकात मी पहिल्यांदा गेले तेव्हा नुकतं लग्न झालेलं होतं. त्या काळात मध्यमवर्गीय घरातल्या बाईने रात्रभर घराबाहेर असण्याला दोनच कारणं चालत, घरातलं कुणी दवाखान्यात असणं किंवा लांबचं लग्न. सवाई हे तिसरं! सासूबाईंनी स्वतः डबा भरून दिला होता. त्या मांडवात पहाटे तीनला आम्ही चार शिक्षिका एका शालीत बसलेल्या असायचो, आजूबाजूला हजारो अनोळखी पुरुष, आणि एकदाही भीती वाटली नाही. या गोष्टीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते आहे.

तर आठवणी. गंगूबाई हनगल. लहानखुरी बाई, मागे तंबोऱ्यावर लेक कृष्णाबाई. आणि त्या पहिला षड्ज लावायच्या तेव्हा नवीन माणूस दचकून व्यासपीठाकडे बघायचा, हा आवाज नक्की कुणाचा? घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज असा भरदार झाला हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या आवाजाला रात्र लागायची. मांडवातली कुजबुज थांबलेली, चहाचे स्टॉल पेंगुळलेले, थंडी जमिनीतून वर येत असलेली, आणि त्यात बाईंचा तो संथ, एकेक सूर ठेवत जाणारा विलंबित. घाई नाही म्हणजे नाही. हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने जाऊन एकेक पलटा घोटलेली बाई ती, तिला कसली घाई असणार!

फिरोझ दस्तूर. तरुणपणी सिनेमात काम केलेले, अतिशय सभ्य, हळू बोलणारे पारशी गृहस्थ, तेही सवाई गंधर्वांचे शिष्य. मोठा राग झाला की मांडवातून आवाज यायचा, "गोपाला!" दरवर्षी. आणि ते दरवर्षी लाजल्यासारखं हसून खाँसाहेबांचं ते 'गोपाला' म्हणायचे. बारीक, थरथरता, पण सुरावरून केसभरही न हलणारा आवाज. माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा (आजोबा म्हणजे आज मी आहे त्या वयाचे) डोळे मिटून नुसते मान हलवत होते. ते खाँसाहेबांना प्रत्यक्ष ऐकलेले होते असं नंतर कळलं.

किशोरीताई एकदा मध्यरात्रीनंतर बसल्या. तंबोरे जुळवणं चाललंच होतं. लोक चुळबुळले, कुणीतरी टाळीही वाजवली. ताईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. आणि मग संपूर्ण मालकंस. त्यातला तो एक पंचम कधी येतो आणि कसा जातो याकडे कान लावून बसताना बाकी सगळं विसरायला झालं. संपलं तेव्हा किती वाजले हे बघायची इच्छा नव्हती. आता मला सांगा, पुढे "पावणेदहाला आवरा" अशी टांगती तलवार असती तर तंबोरे इतके जुळले असते का?

आणि शेवटच्या सकाळी अण्णा. भीमसेन जोशींबद्दल मी काय लिहायचं? त्यांच्या गाण्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त उजेडाबद्दल लिहिते. रात्रभर मांडवात विजेचे दिवे असत. हळूहळू कापडाच्या कडेने आभाळ राखाडी व्हायचं, मग दिवेच फिके दिसू लागायचे, आणि कुणीतरी ते बंद करायचं. बाहेर चिमण्या, कावळे, पहिल्या बसचा आवाज. रात्रभर जागलेले हजारो लोक, चेहरे सुजलेले, केस विस्कटलेले. आणि तोडी. तोडीचा तो कोमल गंधार खालून वर येताना आणि ऊन मांडवाच्या खांबावर चढताना एकाच वेळी पाहिलंय मी. त्यानंतर सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लागायची, सगळे तसेच बसून ऐकायचे, आणि उत्सव संपायचा. २००७ मध्ये अण्णा शेवटचे गायले तेव्हाही मी होते. गाणं थोडंच होतं, शरीर थकलेलं होतं. मांडवात रडत नव्हतं असं माझ्या आसपास कुणी नव्हतं.

आठवणी इथे थांबवते. आता भांडण.

माझ्या वयाच्या कुठल्याही रसिकाला विचारा, "रात्रभराचा सवाई का गेला?" उत्तर तयार आहे, "कोर्टाने बंद केला." हे म्हणताना चेहरा असा करायचा की जणू सर्वोच्च न्यायालयाला मालकंसाशी वैर आहे. गेली वीस वर्षं मी हे ऐकते आहे. आमच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर दर डिसेंबरात एकदा तरी हा गजर होतोच.

मंडळी, नियम वाचा की एकदा! २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक लावायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि वर्षातले फार तर पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं हेही मान्य केलं. पण त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे. सभागृह, समाजमंदिर अशा बंदिस्त जागेत, आतल्या लोकांपुरता ध्वनिवर्धक रात्रीही लावता येतो. म्हणजे गाण्याला बंदी नाही. उघड्यावर भोंगा लावायला बंदी आहे. आणि ती असावी या मताची मी आहे. आमच्या गल्लीत गणपतीत भिंती हलतात तेव्हा हाच नियम दाखवून आपण पोलिसांना फोन करतो ना? मग तो नियम आपल्याला लागू झाला की जुलूम कसा होतो? रमणबागेच्या आसपास आजारी माणसं राहत नव्हती? परीक्षा असलेली मुलं नव्हती? आमच्या तोडीपायी त्यांनी तीन-तीन रात्री जागायचं हा कुठला न्याय?

कोलकत्याची डोव्हर लेन परिषद १९५२ पासूनची, म्हणजे सवाईच्या जोडीचीच. दर जानेवारीत नझरुल मंचच्या छपराखाली रात्र-रात्र गाणं चालतं आणि लोक शाली पांघरून बसतात. बंगाली माणसाला जे जमतं ते पुण्याच्या माणसाला का जमू नये? इथे लोक म्हणतात, आपला श्रोता हजारोंचा, एवढं मोठं सभागृह कुठे आहे. बरोबर आहे, नाही. आयोजकांना मी दोष देणार नाही. एवढ्या माणसांची सोय, सुरक्षा, वाहनं सांभाळणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. रात्र गेली ती गेली असं मी मनाशी धरून चालले आहे.

पण पहाट?

जरा गणित मांडू या, सोपं आहे, चौथीचं. नियम म्हणतो सकाळी सहापासून ध्वनिवर्धक चालेल. डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात सूर्य उगवतो सातच्या सुमारास. म्हणजे कायद्याने आपल्याला उघड्या मैदानावर, सगळ्या परवानग्यांसह, एक पूर्ण तास सूर्योदयापूर्वीचा ठेवला आहे. ललत गायला एक तास पुरे. मग ऊन येईपर्यंत भटियार आहे, भैरव आहे, रामकली आहे. मग तोडी, देसकार, बिलावलाचे प्रकार, जौनपुरी. या तासाला कुठल्याही न्यायालयाने हात लावलेला नाही. तो आपण सोडून दिला. का? तर "पहाटे कोण येणार?"

सकाळची सत्रं कधी झालीच नाहीत असं मी म्हणत नाही. पण नाश्ता करून नऊला जाऊन बसणं वेगळं आणि अंधारात जाऊन उजेडात बाहेर येणं वेगळं.

कोण येणार, म्हणता? दिवाळीत बघा. दिवाळी पहाट म्हणून जे काही चालतं त्याला पहाटे पाचला अभ्यंगस्नान करून, नऊवारी नेसून, गजरे माळून, पास मिळवण्यासाठी ओळखी काढून लोक येतात की नाही? बागा भरतात, नाट्यगृहं भरतात. नातवंडांना झोपेतून उठवून आणतात. आणि एवढं करून ऐकतात काय? भावगीतं, चित्रपटगीतं, दोन नाट्यपदं, चार अभंग, मध्ये निवेदकाचे विनोद आणि प्रायोजकांचा सत्कार. पहाटे सहा वाजता संध्याकाळच्या यमनातलं गाणं! भावगीतांवर माझा राग नाही, मीही गुणगुणते. पण माणसं उठू शकतात हे तर सिद्ध झालं? मुंबईत प्रभादेवीला 'पंचम निषाद'ने 'प्रातःस्वर' नावाने रविवारी भल्या सकाळच्या मैफली चालवल्या, त्यांना लोक आले. ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहात सकाळच्या सभा असतात. म्हणजे अडचण ना कायद्याची, ना श्रोत्यांच्या झोपेची. आपण मागितलं नाही, एवढंच कारण आहे.

यावर मला दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं, "मावशी, यूट्यूबवर सगळ्यांचे ललत आहेत, पहाटे लावा आणि ऐका." ऐकते की! रोज ऐकते. रेकॉर्डिंगला मी नावं ठेवणार नाही. खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या नसत्या तर आपल्याला ते कळलेच नसते. पण रेकॉर्ड झालेला राग म्हणजे कुणीतरी, कधीतरी गायलेला. तो गाणारा माणूस तयार होण्यासाठी तो गाण्याची जागा लागते. आमच्या इमारतीत एक मुलगी आहे, अकरा वर्षं गाणं शिकते, गोड आणि तयारीचा गळा. मारवा सुंदर गाते, पूरिया धनाश्री, यमन, बिहाग, सगळं मैफलीत मांडू शकते. मी विचारलं, ललत? म्हणाली, "येतो ना आजी, पाठ आहे." पाठ! शिक्षकाला हा शब्द ऐकला की पोटात खड्डा पडतो. अकरा वर्षांत तिने तो चार माणसांपुढे एकदाही गायलेला नाही. कारण कार्यक्रम चार ते दहा या वेळातच असतात. दोन मध्यम एकमेकांना लागून कसे वापरायचे हे गुरूने सांगितलं आहे, पण समोर श्रोते बसले असताना ते कसे झेपतात हे तिला माहीत नाही. मालकंस-दरबारी तरी नऊनंतर कुणी कुणी गातात. पहाटेच्या रागांना कुणी वालीच नाही. तिच्या शिष्यांपर्यंत काय पोचेल याचा विचार करा. पाठांतरही नाही पोचणार.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे, कारण ते मोठ्या माणसांनी दिलेलं आहे. राग आणि वेळ यांचा संबंध निव्वळ संकेताचा आहे, सुरांना घड्याळ कळत नाही. दक्षिणेत कर्नाटक संगीतात मैफलीला हे बंधन कुणी असं पाळत नाही आणि त्यांचं काही बिघडलं नाही. आपल्या प्रभाताई अत्रे, ज्यांनी अण्णांनंतर वर्षानुवर्षं या महोत्सवाची सांगता केली, त्यांनीसुद्धा राग-समयाच्या कल्पनेकडे डोळसपणे, प्रश्न विचारत पाहावं असं मांडलं. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यांच्यापुढे मी कोण? सुरांत वेळ असते हे मी सिद्ध करू शकत नाही. बी.ए.ला माझा विषय मराठी होता, ध्वनिशास्त्र नव्हे.

पण समजा तो नुसता संकेत आहे. मग? भाषासुद्धा संकेतच आहे. 'आई' या दोन अक्षरांत आईपण कुठे आहे? शेकडो वर्षं लोकांनी एका सुरावटीला एक वेळ दिली, त्या वेळेच्या आठवणी तिला चिकटल्या, आणि आता ती सुरावट ऐकली की ती वेळ आठवते. संकेत मोडायचा तर प्रभाताईंसारखा विचार करून मोडावा. संध्याकाळी सहाला ललत गाऊन दाखवा, मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन. आपल्याकडे तेही होत नाही! वेळ नाही म्हणून पहाटेचे राग गायचे नाहीत, आणि वेळेला अर्थ नाही म्हणून पहाटेच्या मैफली करायच्या नाहीत. दोन्हीकडून राग बिचारा बाहेरच.

मला काय हवं आहे ते स्पष्ट सांगते, नाहीतर म्हाताऱ्यांच्या तक्रारी म्हणून सोडून द्याल. महोत्सवाच्या आठवड्यात एक सकाळ. सहा ते साडेनऊ. दोनच कलाकार, त्यातला एक तिशीच्या आतला. सत्कार नाही, भाषण नाही, प्रायोजकाची चित्रफीत नाही. चहा नंतर. हजारो लोक नकोत, तीनशे आले तरी पुष्कळ. पहिल्या वर्षी शंभर आले तरी चालतील. १९५३ ला तरी काय लाखाची गर्दी होती? आणि हे फक्त सवाईनेच करावं असंही नाही. गावोगावी संगीत सभा आहेत, देवळांचे सभामंडप रिकामे आहेत, शाळांची सभागृहं रविवारी कुलूपबंद असतात. ज्यांना मागायचं आहे त्यांनी लेखी मागावं. कट्ट्यावर कोर्टाला शिव्या देण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात पत्र लिहून होतं. मी तीन लिहिली आहेत. एकाचं उत्तर आलं, "विचार करू." दोघांचं आलं नाही. परत लिहीन.

तोवर आमच्यापुरतं आम्ही सुरू करतो आहोत. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सकाळी बरोबर सहाला ती मुलगी ललत गाणार आहे. तिला पंधरा दिवस आधीच ताप भरल्यासारखं झालं आहे, ते चांगलं लक्षण आहे. तबल्याला तिचा मित्र, पेटीला आमचे खालच्या मजल्यावरचे काका. ध्वनिवर्धक लावणारच नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी काळजी करू नये. पुण्यातल्या ब्लॉगवाल्यांनी आणि नातेवाइकांनी जरूर या, मला आधी फोन करा म्हणजे सतरंज्यांचा अंदाज येईल. सहानंतर दार लावून घेणार आहे. उशिरा येणाऱ्यांनी चहाला यावं.